देणे आणि घेणे : ख्रिस्ती परंपरेतील परस्परदान

मराठी लग्नघरात एक वही असते. कोणी काय आहेर केला, साडी-चोळी, भांडे की रोख रक्कम, याची नोंद घरातील एखादा जाणता माणूस त्या वहीत करीत असतो. पुढे आहेर करणाऱ्याच्या घरी कार्य निघाले की ही वही उघडली जाते आणि तेवढाच, जमल्यास थोडा अधिक, आहेर परत केला जातो. शेतीतील 'सावड' हीही याच जातीची. आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे. याच्या दुसऱ्या टोकाला दान असते. दान देणाऱ्याने परतीची अपेक्षा ठेवायची नसते आणि दिलेल्याचा उच्चारही करायचा नसतो.

दोन्ही रीती आपल्या परिचयाच्या आहेत आणि दोहोंतील उणेही. परतफेड करण्याची ऐपत नसलेला माणूस आहेराच्या व्यवहारातून हळूहळू बाहेर फेकला जातो. दानात परतफेडीचे ओझे नसते. परंतु देणाऱ्याचा हात कायम वर आणि घेणाऱ्याचा कायम खाली राहतो. घेणाऱ्याचा मान राखून, हिशेबाच्या वहीत न अडकता, दोन्ही बाजूंनी देता येईल अशी काही रीत असू शकते काय? ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न अगदी प्रारंभापासून विचारला गेला आहे. त्याचे उत्तर प्रत्येक वेळी साधलेच असे नाही. मात्र गेल्या दोन हजार वर्षांत ते वेगवेगळ्या ठिकाणी पुन:पुन्हा शोधले गेले.

दुष्काळातून आलेली सुरुवात

'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातील पुस्तकात यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीचे वर्णन आहे. तेथील लोक आपली मालमत्ता सामाईक मानीत, जमिनी विकून आलेले पैसे प्रेषितांपुढे ठेवीत आणि ज्याला जशी गरज असेल तसे वाटप होई. बर्णबा या सायप्रसच्या गृहस्थाने शेत विकून पैसे दिल्याची नोंद तेथे नावानिशी आहे. हे चित्र आदर्श वाटले तरी याच पुस्तकात लगेच पुढे तक्रारही नोंदविलेली आहे. ग्रीक भाषिक विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली आणि ती मिटविण्यासाठी सात जणांची नेमणूक करावी लागली. औदार्याला व्यवस्थेची जोड लागते, हा धडा मंडळीला असा पहिल्याच काही वर्षांत मिळाला.

रोमन सम्राट क्लौद्य याच्या कारकिर्दीत, म्हणजे इ.स. ४१ ते ५४ या काळात, यहूदीया प्रांतावर दुष्काळाचे सावट आले. ज्यू इतिहासकार जोसिफस यानेही या दुष्काळाची नोंद केली आहे. अदियाबेनी राज्याची राणी हेलेना हिने अलेक्झांड्रियातून धान्य आणि सायप्रसमधून सुके अंजीर मागवून यरुशलेमच्या लोकांना वाटले, असे तो सांगतो. याच संकटाच्या वेळी सिरियातील अंत्युखियाच्या मंडळीने प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे रक्कम गोळा करून बर्णबा व पौल यांच्या हाती यहूदीयात पाठविली. ज्या यरुशलेमहून अंत्युखियाला नवा धर्मविचार आला होता, त्याच यरुशलेमकडे आता अंत्युखियाहून मदत निघाली होती.

पौलाची वर्गणी

या कल्पनेला विचाराचे अधिष्ठान दिले ते पौलाने. इ.स. ५५ ते ५७ च्या सुमारास त्याने गलतीया, मासेदोनिया व अखया या प्रांतांतील मंडळ्यांमधून यरुशलेममधील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अखेरीस तिची पद्धत सांगितली आहे. प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे आयत्या वेळी गोळा करण्याची धावपळ होणार नाही. दुसऱ्या पत्राचे आठवा व नववा हे दोन अध्याय तर संपूर्णपणे याच विषयाला वाहिलेले आहेत.

त्यातील तीन मुद्दे विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला, देण्यासाठी श्रीमंत असावे लागत नाही. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वत: कमालीच्या गरिबीत होत्या, तरीही या कार्यात आम्हालाही वाटा घेऊ द्या, अशी विनवणी त्यांनीच केली, असे पौल सांगतो. दुसरा मुद्दा समतेचा. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला ओढगस्त असा आपला हेतू नाही, हे तो स्पष्ट करतो. आज तुमच्याकडे अधिक आहे ते त्यांची उणीव भरून काढील. उद्या त्यांच्याकडे अधिक असेल ते तुमची भरून काढील. रानात इस्राएल लोकांना मिळालेल्या मान्न्याची कथा तो येथे आठवतो. ज्याने जास्त गोळा केले त्याला उरले नाही आणि ज्याने कमी गोळा केले त्याला कमी पडले नाही. तिसरा मुद्दा हिशेबाचा. एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणी बोट दाखवू नये म्हणून तीतासोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसेही त्याने कामाला लावली. प्रामाणिकपणा देवापुढे असावा आणि माणसांना दिसावाही, हा त्याचा आग्रह होता.

रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो एक पाऊल पुढे जातो. परराष्ट्रीय मंडळ्यांना यरुशलेमकडून आध्यात्मिक ठेवा मिळाला आहे. तेव्हा आपल्या ऐहिक संपत्तीतून तिची सेवा करणे हे त्यांचे देणेच लागते, असे तो म्हणतो. म्हणजे ज्यांना आपण दाते समजत होतो ते प्रत्यक्षात ऋणको ठरतात आणि ज्यांना याचक समजत होतो ते पूर्वीचे दाते. ग्रीक भाषेत या नात्यासाठी 'कोइनोनिया' हा शब्द आहे. मराठी बायबल वाचणाऱ्यांना तो 'सहभागिता' म्हणून ओळखीचा आहे. पौलाने वर्गणीसाठीही तोच शब्द वापरला.

घेण्याचीही परीक्षा

या पत्रातील एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो. यरुशलेमकडे निघण्यापूर्वी पौल रोमच्या मंडळीला प्रार्थना करण्याची विनंती करतो. माझी ही सेवा तेथील पवित्र जनांना मान्य व्हावी, असे मागणे त्याने केले आहे. मदत घेऊन निघालेल्या माणसाला ती नाकारली जाण्याची भीती वाटावी, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु सुंता न झालेल्या परराष्ट्रीयांशी बरोबरीचे नाते मानावे की नाही, यावर त्या काळी तीव्र मतभेद होते. त्यांचे पैसे घेणे म्हणजे त्यांना भाऊ म्हणून मान्य करणे. देणाऱ्याच्या औदार्याइतकीच घेणाऱ्याच्या मनाच्या मोठेपणाची ती कसोटी होती.

पौल यरुशलेमला पोहोचला आणि तेथेच मंदिराच्या आवारात त्याला अटक झाली. आपण आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो, असे तो पुढे राज्यपाल फेलिक्ससमोर सांगतो. त्या वर्गणीचे स्वागत कसे झाले याविषयी 'प्रेषितांची कृत्ये' मात्र मौन पाळते. ज्या वर्गणीवर दोन अध्याय लिहिले गेले तिच्या स्वीकाराबद्दल एक ओळही नसावी, ही गोष्ट अभ्यासकांना आजही विचारात पाडते.

स्वत: पौलालाही घेणे सोपे नव्हते. तंबू बनविण्याच्या व्यवसायावर तो आपला चरितार्थ चालवी आणि करिंथकरांकडून मानधन घेणे त्याने कटाक्षाने टाळले होते. फिलिप्पैच्या मंडळीचे मात्र त्याने घेतले. तो थेस्सलनीकात असताना तिने त्याला एकाहून अधिक वेळा मदत पाठविली आणि पुढे तो कैदेत असताना एपफ्रदीताच्या हाती पुन्हा पाठविली. त्यांना लिहिलेल्या पत्रात देण्याघेण्याचा व्यवहार आपण फक्त तुमच्याशीच ठेवला, असे तो सांगतो. व्यापाऱ्याच्या खातेवहीतील हा शब्दप्रयोग तो मैत्रीसाठी वापरतो. विशेष म्हणजे, मी तुमची परतफेड करीन असे तो म्हणत नाही. तुमची गरज देव भागवील, असे तो लिहितो. नात्यात दोनच पक्ष असते तर देणे-घेणे फिटताच खाते बंद झाले असते. तिसरा पक्ष आल्यामुळे ते उघडेच राहते.

परतीच्या आमंत्रणाचा पेच

येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे पुढे येतो. येशूची शिकवण तर परतीची अपेक्षा न ठेवता द्या अशी आहे. जेवणावळ घालताना मित्रांना व श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नका, कारण तेही तुम्हाला उलट बोलावतील आणि फेड होऊन जाईल. गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलवा, असे लूकच्या शुभवर्तमानात तो सांगतो. मग परस्परदानाची ही भाषा त्या शिकवणीशी कशी जुळते?

त्या काळच्या रोमन समाजाकडे पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो. तेथे धनिक 'उपकारकर्ता' म्हणून मिरवीत. ते स्नानगृहे बांधीत, धान्य वाटीत आणि त्या बदल्यात शिलालेख, पुतळे व आश्रितांची निष्ठा मिळवीत. येशूचा रोख या सौद्यावर होता. त्याने नाकारली ती हिशेबाची फेड. माणसांनी एकमेकांना उपयोगी पडावे हे त्याने नाकारलेले नाही. पौलाच्या विचारातही परतफेड त्याच व्यक्तीला, त्याच मापाने आणि ठरल्या वेळी होत नाही. कोणी धन देतो, कोणी श्रम, कोणी शिकवण, कोणी प्रार्थना. ज्याच्याकडून आले त्यालाच ते जाईल असेही नाही.

हे समजायला सोपे असले तरी आचरायला कठीण होते, याची साक्षही करिंथच देते. तेथे प्रभुभोजनासाठी एकत्र जमल्यावर सुखवस्तू मंडळी आपले जेवण आधी उरकून घेत आणि गरीब उपाशी राहत. त्याबद्दल पौलाने त्यांना कडक शब्दांत फटकारले आहे. दूरच्या यरुशलेमसाठी वर्गणी देणे एक वेळ जमते. शेजारच्या पानावर बसलेल्याची वाट पाहणे त्याहून अवघड असते.

झाड आणि वेल

दुसऱ्या शतकात रोम येथे लिहिल्या गेलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात या विचाराला एक सुरेख दृष्टान्त मिळाला. इटलीत द्राक्षाची वेल एल्म नावाच्या झाडावर चढवीत. झाडाला स्वत:चे फळ नसते. वेलीला आधार नसेल तर ती जमिनीवर लोळते आणि तिची फळे सडतात. दोघे एकत्र आले म्हणजे वेल भरघोस फळते आणि त्या फळात झाडाचाही वाटा असतो. श्रीमंत हा झाड आणि गरीब ही वेल. श्रीमंताने आधार द्यावा. गरिबाची प्रार्थना श्रीमंताला फलद्रूप करते. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांचे मांडव पाहिलेल्या वाचकाला हा दृष्टान्त वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

याच सुमारास ही रीत संस्थेचे रूप घेऊ लागली होती. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन याने रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. ज्यांना शक्य आहे ते स्वेच्छेने देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परगावचे पाहुणे यांची काळजी घेतली जाते, असे तो लिहितो. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा टर्टुलियन इ.स. १९७ च्या सुमारास मंडळीच्या पेटीविषयी सांगतो. महिन्यातून एकदा, इच्छा आणि ऐपत असेल तर, त्या पेटीत टाकायचे. गरिबांचे दफन, अनाथ मुले, वृद्ध गुलाम, जहाज फुटून निराधार झालेले लोक, खाणींत व तुरुंगात डांबलेले बंदी यांच्यासाठी ती रक्कम वापरली जाई. इ.स. २५१ मध्ये रोमची मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा व गरजू व्यक्तींचा सांभाळ करीत होती, असे तेथील बिशप कॉर्नेलियस याच्या पत्रावरून कळते.

इ.स. २५३ च्या सुमारास नुमिडिया प्रांतात लुटारूंनी अनेक ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना पळवून नेले. त्यांच्या सुटकेसाठी कार्थेजचा बिशप सिप्रियन याने आपल्या लोकांकडून एक लाख सेस्टर्स ही रोमन नाण्यांतील रक्कम गोळा करून पाठविली. सोबत देणाऱ्यांची नावेही पाठविली. त्या नावांचा शिलालेख करावा अशी त्याची अपेक्षा नव्हती. प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवावी, एवढीच विनंती होती. पुन्हा असा प्रसंग आल्यास कळविण्यास संकोच करू नये, असेही त्याने आवर्जून लिहिले. मदत मागणे सोपे करणे हादेखील मदतीचाच एक भाग असतो, हे त्याने ओळखले होते.

मिशनकाळातील असमतोल

भारतात एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतून मिशनरी आले तेव्हा हा समतोल साहजिकच ढळला. पैसा, शाळा, दवाखाने आणि पगार हे सारे समुद्रापलीकडून येई. येथील ख्रिस्ती समाज, विशेषत: दलित जातींतून आलेला गरीब वर्ग, घेणारा ठरला. दुष्काळांनी हे नाते अधिकच घट्ट केले. १८९९-१९०० च्या छप्पन्याच्या दुष्काळात न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाच्या वाचकांच्या वर्गणीतून घेतलेला मका 'क्वीटो' या जहाजातून मुंबईत उतरला होता. त्या मदतीने असंख्य जीव वाचले, हे नि:संशय. तथापि जो नेहमी घेतो त्याला पोटासाठी धर्म बदलणारा असे हिणवले जाते, ही बोचही त्या समाजाच्या वाट्याला आली.

हा धोका काही मिशनरी धुरिणांनी आधीच ओळखला होता. १८१३ पासून मुंबईत आणि १८३१ पासून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मातृसंस्थेचे चिटणीस रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात येऊन गेले. स्थानिक मंडळीने आपला कारभार, खर्च आणि प्रसार स्वत:च सांभाळावा, या तत्त्वाचे ते प्रमुख पुरस्कर्ते होते. तत्त्व उत्तम होते. ज्वारीच्या पिकावर आणि पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या खेड्यांत ते अमलात आणणे मात्र कठीण होते.

या ओझ्याची सर्वाधिक टोचणी जाणवली ती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही चळवळ सुरू केली. भारतीय ख्रिस्ती माणसाने परक्याच्या पगारावर न राहता आपल्या मातीतल्या रीतीने ख्रिस्ताची सेवा करावी, असे त्यांना वाटे. खिशातले सहज देऊन टाकण्याचा त्यांचा स्वभाव आणि त्यामुळे संसाराची होणारी ओढाताण लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये मिस्किलपणे रंगविली आहे. दात्याच्या घरातील माणसांनाही काही सोसावे लागते, ही बाजू तेथे प्रकर्षाने दिसते.

सुगीनंतरच्या आभारप्रदर्शनाच्या उपासनेत हा विचार आजही साध्या रूपात भेटतो. कोणी ज्वारीचे पोते आणतो, कोणी कोंबडी, कोणी भोपळा, कोणी डझनभर अंडी. उपासना संपल्यावर आवारात या वस्तूंचा लिलाव होतो. हसतखेळत बोली चढत जाते आणि दोन रुपयांचे लिंबू शंभर रुपयांना जाते. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने वस्तू द्यावी, ज्याच्याकडे पैसा आहे त्याने ती चढ्या दराने घ्यावी आणि रक्कम सर्वांच्या कामी यावी, अशी ही सोपी व्यवस्था आहे.

मूठभर तांदूळ

या तत्त्वाचे भारतातील सर्वात बोलके उदाहरण मात्र मिझोरामचे आहे. तेथे १८९४ मध्ये पहिले दोन मिशनरी पोहोचले आणि १८९७ पासून वेल्श प्रेस्बिटेरियन मिशनचे काम सुरू झाले. पुढे १९१० च्या सुमारास तेथील स्त्रियांनी 'बुहफाइ थाम' ही प्रथा स्वीकारली. त्याचा अर्थ मूठभर तांदूळ. प्रत्येक वेळी भात शिजविण्यापूर्वी घरची स्त्री एक मूठ तांदूळ वेगळ्या भांड्यात काढून ठेवते. मंडळीच्या स्त्रिया तो घरोघर फिरून गोळा करतात, तो विकला जातो आणि आलेली रक्कम मंडळीच्या कामासाठी वापरली जाते. लगेच १९११-१२ मध्ये बांबूला फुलोरा येऊन उंदरांनी पिके फस्त केल्याचा 'मौताम' दुष्काळ पडला. तरीही ही मूठ बंद झाली नाही. शंभराहून अधिक वर्षे ती चालू आहे.

या रीतीचे मर्म तिच्या आकारात आहे. हातात रोकड नसलेल्या बाईलाही ती दाती बनवते. ज्या घरी अन्न शिजते त्या प्रत्येक घरी एक मूठ निघू शकते आणि श्रीमंताची मूठ गरिबाच्या मुठीपेक्षा फारशी मोठी नसते. दुसऱ्यासाठी झिजण्याचे 'त्लॉमङाइना' हे मूल्य मिझो समाजात पूर्वीपासूनच मानाचे होते. नव्या प्रथेला त्याची जमीन मिळाली. याच बळावर मिझो मंडळी स्वावलंबी झाली आणि स्वत:चे मिशनरी भारतात इतरत्र पाठवू लागली.

वेल्समध्ये दरम्यान उलटे घडत होते. विसाव्या शतकात तेथील प्रार्थनामंदिरांतील उपस्थिती ओसरली आणि अनेक मंदिरांना कुलपे लागली. या शतकाच्या पहिल्या दशकात मिझोरामच्या मंडळीने आपले धर्मसेवक वेल्समध्ये पाठविले. ज्या देशाने एकेकाळी दिले होते त्याच्या मदतीला पूर्वीचा घेणारा धावून गेला. पौलाने करिंथकरांना सांगितलेली उद्याची गोष्ट येथे शंभर वर्षांनी घडली.

समतोल बिघडतो तेव्हा

या परंपरेच्या विकृतीही नोंदविल्या पाहिजेत. अलीकडच्या काळात जगभर पसरलेल्या 'समृद्धीच्या शुभवर्तमाना'त दानाचे रूपांतर गुंतवणुकीत होते. इतके द्या म्हणजे देव दसपट देईल, असे आश्वासन दिले जाते आणि गरजू माणूस शेवटचा पैसाही टाकून बसतो. येथे आहेराची वही परत येते. फरक एवढाच की ती देवाच्या नावावर उघडलेली असते. दशमांशाची सक्तीही अशीच. जुन्या करारातील दशमांशाचा एक भाग दर तिसऱ्या वर्षी लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांच्या पोटासाठी राखलेला होता, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो.

दुसरी विकृती हिशेबाविषयीच्या बेपर्वाईची. मंडळीचा पैसा व मालमत्ता यांवरून होणारे वाद न्यायालयापर्यंत जातात तेव्हा केवळ रक्कम बुडत नाही. देणाऱ्याचा पुढच्या वेळी उठणारा हातही थबकतो. वर्गणीसोबत निवडलेले प्रतिनिधी देण्याची पौलाची खबरदारी म्हणूनच जुनी झालेली नाही.

तिसरी विकृती सूक्ष्म आहे आणि ती कोणत्याही एका धर्मापुरती नाही. आनंदाने देणारे पुष्कळ असतात. संकोच न करता घेणारे विरळा. शहरातील सुस्थित माणूस आजारपणातही शेजाऱ्याकडून डबा घ्यायला अवघडतो, कारण घेतले की आपण लहान ठरू असे त्याला वाटते. अशा माणसाच्या देण्यातही नकळत वरचा हात येतो. लग्नघरातील आहेराच्या वहीत दोन बाजू असतात, आलेले आणि दिलेले. ज्याच्या वहीत आलेल्याची बाजू कोरी आहे, त्याने समाधान मानण्याऐवजी ती एकदा पुन्हा तपासून पाहावी, असेच ही परंपरा सुचविते.